राजकन्या एलिझाबेथचा १९४७ चा विवाहपोशाख : टंचाईच्या दिवसांतले दहा हजार मोती

टाकाधागा
नमस्कार. मी पुण्यात भरतकामाचे वर्ग घेते. गेल्या आठवड्यात जाळीवरचे मोतीकाम शिकवताना मी विद्यार्थिनींना ब्रिटनची राजकन्या, म्हणजे पुढची राणी, एलिझाबेथ हिच्या विवाहपोशाखाची छायाचित्रे दाखवली. २० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तिचा फिलिप माउंटबॅटन यांच्याशी विवाह झाला, तेव्हा ती २१ वर्षांची होती. पोशाखाची कल्पना लंडनचे वेशभूषाकार नॉर्मन हार्टनेल यांची. त्यांच्या आराखड्याला ऑगस्टच्या मध्यावर मान्यता मिळाली, म्हणजे हाताशी जेमतेम तीन महिने होते. हस्तिदंती रंगाचे रेशमी साटीन, त्यावर स्फटिक आणि तांदळाच्या कणीएवढे सुमारे दहा हजार मोती, खांद्यांपासून मागे लोळणारा तलम रेशमी जाळीचा लांबलचक घोळ, आणि हे सारे पुरे करण्यासाठी सात आठवडे खपलेल्या साडेतीनशे स्त्रिया, एवढे मी सांगितले.

त्यावर एका मुलीने विचारले, "बाई, तेव्हा तिथे कपडे रेशनवर होते ना? मग लोकांना हे रुचले कसे?" मी टाके, नक्षी, कापड यांविषयी तासभर बोलू शकते, पण या प्रश्नावर मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. हा पोशाख वैभवाचा म्हणावा की काटकसरीचा? आणि ज्या लोकांना स्वतःला वर्षाला मोजके कपडे मिळत होते, त्यांनी तो आपला का मानला? जाणकारांनी लिहावे. कापड, मोती आणि नक्षी यांविषयीही कोणाला अधिक माहिती असेल तर मला ती हवीच आहे.

थेम्सकाठ
चांगला विषय घेतलात. मी बरीच वर्षे लंडनमध्ये राहतो आणि हा पोशाख प्रत्यक्ष पाहिला आहे. राणीला नव्वद वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, २०१६ मध्ये, बकिंगहॅम राजवाड्यात तिच्या पोशाखांचे प्रदर्शन भरले होते. छायाचित्रात तो निव्वळ पांढरा दिसतो. जवळून पाहिल्यावर मात्र साटिनाचा रंग सायीसारखा वाटतो आणि मोत्यांमुळे त्याच्यावर बारीक सावल्या पडलेल्या दिसतात. मी काचेसमोर बराच वेळ उभा होतो.

आता तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाविषयी. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग जून १९४१ मध्ये सुरू झाले आणि मार्च १९४९ मध्ये संपले. सुरुवातीला प्रत्येक प्रौढ व्यक्तीला वर्षाला ६६ कूपने मिळत, आणि स्त्रियांच्या एका लोकरी पोशाखालाच त्यांतली ११ जात. पुढे हा वाटा आणखी घटत गेला. युद्ध जिंकल्यावर परिस्थिती सुधारेल असे लोकांना वाटले होते, पण युद्धाच्या काळातही जो पाव रेशनवर नव्हता, तो जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला. १९४७ चा हिवाळा भयंकर थंडीचा होता, कोळसा अपुरा होता आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पौंडावर मोठे संकट आले. हे सगळे चालू असताना नोव्हेंबरमध्ये हा विवाह झाला.

राजकन्येलाही कूपने द्यावी लागली. सरकारने तिला २०० कूपने जादा दिली. पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची आहे. देशभरातल्या स्त्रियांनी आपापली कूपने टपालाने तिला पाठवली. कूपन दुसऱ्याला देणे हा कायद्याने गुन्हा असल्यामुळे ती सगळी परत करावी लागली. ज्यांना स्वतःला नवा कोट घेता येत नव्हता त्या स्त्रिया ही कूपने पाठवत होत्या, यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे असे मी मानतो.

गोदाकाठ
थेम्सकाठ, कूपने पाठवणाऱ्या स्त्रियांविषयी मला आदर आहे, पण त्यावरून सगळ्या देशाला पोशाख रुचला असा निष्कर्ष काढता येणार नाही. ज्यांनी कूपने पाठवली नाहीत त्यांना काय वाटत होते, हे त्या पाकिटांतून कळत नाही. २०० जादा कूपने मिळणे हीसुद्धा सवलतच आहे.

हातमाग
मी वस्त्रोद्योगात काम करतो, म्हणून कापडाच्या बाजूने लिहितो.

या पोशाखासाठी दोन ठिकाणच्या रेशमाचा उल्लेख येतो. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ललिंगस्टोन कॅसल आहे, तिथे लेडी झोई हार्ट डाइक यांनी रेशीमकिड्यांचे संगोपन चालवले होते. तिथले साटीन वापरावे अशी राजकन्येच्या आईची, म्हणजे तेव्हाच्या राणीची, इच्छा होती. हार्टनेल यांना ते मागच्या घोळाच्या कामासाठी उत्तम वाटले, कारण त्याला ताठपणा होता. अंगावरच्या पोशाखासाठी त्यांना अधिक लवचीक साटीन हवे होते. ते त्यांनी स्कॉटलंडमधील डन्फर्मलिनजवळच्या विंटरथर नावाच्या कंपनीकडून घेतले.

ज्यांना विणीचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साध्या विणीत ताण्याचा, म्हणजे उभा, धागा एका बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, वरून आणि दुसऱ्याच्या खालून जातो. साटिनात तो चार किंवा त्याहून अधिक बाण्यांवरून सलग तरंगत जाऊन मग एकाखाली शिरतो. गुंफण कमी दिसते, धाग्याची लांबी जास्त दिसते आणि त्यामुळे प्रकाश एकसारखा परततो. साटिनाची चमक रंगातून येत नाही, ती या तरंगत्या धाग्यांतून येते. त्यातही ताण्याचे धागे किती दाट भरले आहेत यावर कापड पायाशी ढोलासारखे उभे राहणार की अंगाला चिकटून पडणार हे ठरते. घागऱ्याला घेर हवा, छातीला बेताची बसण हवी आणि वर हजारो मण्यांचे वजन पेलायचे, म्हणून हार्टनेल यांनी दोन कापडांत केलेली निवड ही कारागिराची निवड होती.

पण तिथेच वाद उभा राहिला. स्कॉटलंडचे साटीन ज्या किड्यांच्या कोषांपासून बनले ते किडे इटलीचे किंवा जपानचे असावेत, अशी कुजबुज सुरू झाली. दोन्ही देश काल-परवापर्यंतचे शत्रू होते. शत्रूच्या रेशमाने भावी राणीला नटवायचे, हा देशद्रोह नव्हे काय, असा सूर निघाला. हार्टनेल यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की त्यांनी डन्फर्मलिनला फोन करून किड्यांचे राष्ट्रीयत्व शोधून काढण्याची विनंती केली. किडे चिनी आहेत, आणि तेही अर्थातच राष्ट्रवादी चीनमधले आहेत, असे अभिमानाने उत्तर आले. तेव्हा चीनमध्ये यादवी युद्ध चालू होते, म्हणून 'राष्ट्रवादी' हा शब्द जोडणे त्यांना आवश्यक वाटले असावे.

चित्रवेडी
हातमाग, फार सुंदर माहिती दिलीत. त्याला जोडून एक आठवण करून द्यावीशी वाटते. इटलीचा किडा नको होता, पण इटलीचे चित्र मात्र सगळ्यांना चालले. या पोशाखाच्या नक्षीमागे इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीची प्रेरणा होती.

टाकाधागा
चित्रवेडी, त्याविषयी जरा सविस्तर लिहाल का? मी वर्गात 'प्रिमावेरा' हे नाव सांगितले, पण चित्रातले नेमके काय पोशाखावर आले हे मला दाखवता आले नाही.

चित्रवेडी
'प्रिमावेरा' म्हणजे वसंत. बोत्तिचेल्लीने ते पंधराव्या शतकात, साधारण १४८० च्या सुमारास रंगवले आणि आज ते फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. चित्राच्या उजव्या बाजूला पुष्पदेवता फ्लोरा उभी आहे. तिच्या फिकट वस्त्रावर फुलेच फुले विखुरलेली आहेत, आणि ती ओंजळीने फुले उधळत चालली आहे. युद्धानंतर नवा बहर, नवी सुरुवात, असा अर्थ त्या पोशाखात वाचला गेला तो या चित्रामुळे.

हार्टनेल स्वतः मात्र आपल्या आठवणींत वेगळ्या तपशिलाने सांगतात. अभिजात प्रेरणेच्या शोधात आपण लंडनच्या चित्रदालनांत हिंडलो, आणि तिथे बोत्तिचेल्लीची एक आकृती सापडली, असे ते लिहितात. अंगाला बिलगणारे हस्तिदंती रेशीम, आणि त्यावर चमेली, स्मायलॅक्सची वेल आणि गुलाबासारखी लहान पांढरी फुले, असे तिचे वर्णन आहे. म्हणून माझे मत असे आहे की 'प्रिमावेरा'ची नक्कल शोधत बसू नये. त्यांनी चित्राचा भाव घेतला आणि फुलांची यादी आपल्या देशाला साजेशी केली. यॉर्कचा पांढरा गुलाब त्यात आला, संत्र्याचा मोहोर आला आणि गव्हाच्या लोंब्याही आल्या.

गव्हाच्या लोंब्या मला सर्वांत जास्त भावतात. लग्नाच्या वस्त्रावर धान्याचे कणीस हे सुफलतेचे चिन्ह म्हणून आले, हे खरेच आहे. पण पाव रेशनवर असलेल्या देशात राजकन्येच्या घागऱ्यावर मोत्यांनी भरलेला गहू पाहणाऱ्याला काय वाटले असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

सूतकताई
गव्हाचा मुद्दा मनाला भिडला. आपल्याकडेही लग्नात नवरी माप ओलांडते ते धान्याचेच असते. प्रत्येक कृषिसंस्कृतीला नवरी आणि धान्य यांची सांगड घालावीशी वाटते, असे दिसते.

मांडवी
मी गोव्याची. माझ्या मनात वेगळाच प्रश्न आहे. आमच्या कॅथलिक घरांत नवरी चर्चमध्ये पांढरा झगा घालते, पण आमची जुनी परंपरा लाल 'सादो'ची आहे. नवरीच्या घरी शिंपी येतो, सर्वांसमोर लाल कापडाला पहिली कात्री लावतो आणि तेव्हा फटाके वाजतात. मग पांढरा रंग आला कुठून? राणी व्हिक्टोरियामुळे, एवढे ऐकून आहे.

थेम्सकाठ
व्हिक्टोरियाच्या आधीही युरोपात राजघराण्यांतल्या काही नवऱ्यांनी पांढरे वस्त्र नेसले होते. पण १० फेब्रुवारी १८४० रोजी तिने लाल मखमल आणि चंदेरी जर बाजूला ठेवून हस्तिदंती साटीन निवडले, त्याची चित्रे सर्वदूर छापली गेली, आणि पुढच्या काही दशकांत पांढरा झगा ही ऐपत असलेल्यांची रीत झाली. गोव्याची पांढऱ्या झग्याची वाट पोर्तुगालमार्गे आली असेल, पण ती लाट युरोपभर पसरली होती.

व्हिक्टोरियाच्या निवडीतही टाकाधागा यांच्या प्रश्नाशी थेट नाते असलेला भाग आहे. साटीन लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या विणकरांचे होते. त्यावर डेव्हन परगण्यातली हाताने विणलेली हॉनिटन लेस होती, आणि ती बीअर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात दोनशेहून अधिक स्त्रियांनी केली. यंत्रावर जाळी निघू लागल्यापासून या स्त्रियांच्या हातचे काम गेले होते. राणीने त्यांना काम दिले, आणि काम पूर्ण झाल्यावर नमुने नष्ट करण्यात आले, म्हणजे कोणाला त्यांची नक्कल करता येऊ नये. राजघराण्याच्या विवाहवस्त्राने देशातल्या कारागिरांना पोसावे, ही अपेक्षा तेव्हापासून रूढ झाली, आणि १९४७ मध्ये किड्यांच्या राष्ट्रीयत्वावरून वाद झाला तोही याच अपेक्षेतून.

अष्टपुत्री
आपल्याकडे नवरीच्या अंगावर पांढरे वस्त्र कोणी चालवून घेणार नाही. आम्हा मुलींना लग्नात मामाकडची पिवळी साडी असते, आणि पांढरा रंग दुःखाशी जोडलेला आहे.

चित्रवेडी
अष्टपुत्री, तुमच्या या वाक्याला हार्टनेल यांच्याच आयुष्यातला एक प्रसंग जोडता येईल. १९३८ मध्ये राजकन्येचे आईवडील, म्हणजे राजा सहावा जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ, पॅरिसच्या भेटीवर जाणार होते. त्याआधी थोडे दिवस राणीच्या आईचे निधन झाले. दुखवट्यात काळे वस्त्र घालून पॅरिसला जाणे शोभले नसते, म्हणून हार्टनेल यांनी सुचवले की जुन्या काळी राण्या दुखवट्यात पांढरे वस्त्र घालत असत. मग तीन आठवड्यांत सगळे कपडे पांढऱ्यात नव्याने शिवले गेले, आणि भेट जुलैमध्ये पार पडली. म्हणजे आईच्या दुखवट्याला आणि मुलीच्या विवाहाला एकाच शिवणकाराने पांढरा रंग दिला. हे कळल्यापासून मला १९४७ च्या पोशाखाकडे पाहताना ते जुने पांढरे कपडेही आठवतात.

गोदाकाठ
मी मराठवाड्याचा आहे, आणि या विषयाचे आमच्या भागाशी एक नाते आहे जे फार थोड्यांना ठाऊक असते.

पोशाखावरचे मोती सगळ्यांना ठाऊक आहेत. पण या विवाहात राजकन्येला मिळालेल्या सर्वांत मौल्यवान भेटींपैकी एक हैदराबादच्या निजामाकडून आली होती. मीर उस्मान अली खान यांनी लंडनच्या कार्तिए या जवाहिऱ्याकडे सूचना दिली की राजकन्येने तिच्या पसंतीचे दागिने निवडावेत. तिने हिऱ्यांचा फुलांच्या नक्षीचा एक मुकुट आणि एक हार निवडला. मुकुट पुढे १९७३ मध्ये मोडून त्यातले हिरे दुसऱ्या मुकुटात वापरले गेले. हार अजून वापरात आहे, आणि २०१४ मध्ये तो राजकुमार विल्यम यांच्या पत्नी केट यांच्या गळ्यात दिसला होता.

आता तारखा पाहा. विवाह २० नोव्हेंबर १९४७ चा. तेव्हा भारत स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झालेले नव्हते. निजामाने भारताशी 'जैसे थे' करार केला तो त्यानंतर नऊ दिवसांनी, २९ नोव्हेंबरला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे त्याच्या अमलाखाली होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, गावोगाव रझाकारांची दहशत होती, आणि आम्हाला मुक्ती मिळाली ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी. माझे आजोबा त्या लढ्यात होते. त्यामुळे त्या हाराचे छायाचित्र पाहिले की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शेतसाऱ्याच्या पावत्या येतात. कूपने पाठवणाऱ्या इंग्रज स्त्रियांनी आपल्या इच्छेने दिले. आमच्या लोकांना कोणी विचारले नव्हते.

टाकाधागा, तुमच्या विद्यार्थिनीला हेही सांगा. टंचाईत सजलेल्या त्या विवाहाचा खर्च फक्त ब्रिटनमध्ये मोजून चालणार नाही.

हातमाग
गोदाकाठ, तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. ते हिरे पोशाखाचा भाग नव्हते एवढेच नोंदवतो, कारण वर्गात सांगताना दोन्ही गोष्टी एकत्र होऊ नयेत. पोशाखाला कूपने लागली, दागिन्यांना लागत नव्हती.

गोदाकाठ
हा फरक मान्य आहे. पण तो फरकच बोलका आहे.

सूतकताई
मग भारतातूनच गेलेली दुसरी भेटही नोंदवली पाहिजे. त्याच विवाहासाठी महात्मा गांधींनीही भेट पाठवली होती. ते तेव्हा दिल्लीत होते आणि शहर फाळणीच्या जखमांनी होरपळत होते. आपल्याजवळचे सर्व काही आपण देऊन टाकले आहे, असे त्यांनी भारताचे गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन यांना सांगितले. तेव्हा तुमच्या हातच्या सुताचे काहीतरी द्या, असे माउंटबॅटन यांनी सुचवले. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे एक जाळीदार वस्त्र विणून घेण्यात आले. त्यावर मध्यभागी 'जय हिंद' ही अक्षरे गुंफलेली होती. ते माउंटबॅटन यांनीच लंडनला नेले.

भेटवस्तू सेंट जेम्स राजवाड्यात मांडल्या होत्या, आणि त्यांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. त्यांत हे सुती वस्त्र पाहून राजकन्येच्या आजीला, राणी मेरीला, ते गांधीजींचे पंचे वाटले आणि तिने तीव्र नापसंती व्यक्त केली. जवळ उभ्या असलेल्या फिलिप यांनी मात्र गांधीजी फार थोर पुरुष आहेत असे तिला सांगितले. हा प्रसंग राणी मेरीच्या सोबत असलेल्या मानकरणीने आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

एका बाजूला किडा कोणत्या देशाचा यावरून चाललेली चौकशी, आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या चरख्यावर कातलेले सूत. दोन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे, की धागा कोणी काढला याला अर्थ असतो. खादीने आपल्याला तीस वर्षे हेच शिकवले होते.

अष्टपुत्री
मी वाचले होते की गांधीजींनी हातरुमाल दिला होता. आपल्या पंतप्रधानांना राणीने तो दाखवला होता, असेही आले होते. तुम्ही वेगळेच लिहिले आहे.

सूतकताई
वस्तू एकच आहे. २०२२ मध्ये राणीच्या निधनानंतर पंतप्रधान मोदींनी तिची आठवण सांगताना त्या भेटीचा हातरुमाल म्हणून उल्लेख केला. प्रत्यक्षात ते तबकावर अंथरण्याच्या जाळीदार वस्त्रासारखे आहे. मला त्याच्या नावापेक्षा हे महत्त्वाचे वाटते की तिने ते इतकी वर्षे जपून ठेवले.

थेम्सकाठ
पोशाख किती गुप्त ठेवला होता तेही सांगायला हवे, कारण त्यावरून तेव्हाची लोकांची उत्सुकता कळते. हार्टनेल यांचे दालन मेफेअर भागात ब्रूटन स्ट्रीटवर २६ क्रमांकाच्या इमारतीत होते. राजकन्येचा जन्म त्याच रस्त्यावरच्या १७ क्रमांकाच्या घरात १९२६ मध्ये झाला होता. नक्षी आधी फुटू नये म्हणून कामाच्या खोलीच्या खिडक्यांना पांढरा रंग फासला होता आणि आतून जाड मलमलीचे पडदे लावले होते. हार्टनेल यांचे व्यवस्थापक रात्री तिथेच झोपत. हेच गृहस्थ अमेरिकेतून मोती घेऊन आले होते. जकात अधिकाऱ्याने काय आणले आहे असे विचारले, तेव्हा राजकन्येच्या विवाहपोशाखासाठी दहा हजार मोती आणले आहेत असे त्यांनी सरळ सांगितले. जकात भरेपर्यंत ते मोती अडकून पडले होते. राजकन्येच्या नावाने जकात माफ झाली नाही, ही गोष्ट तुमच्या विद्यार्थिनीला जरूर सांगावी.

मांडवी
विवाहाच्या सकाळी मुकुट मोडला होता ना?

थेम्सकाठ
होय. तो राणी मेरीचा झालरीसारख्या हिरेपट्ट्यांचा मुकुट होता, आणि डोक्यावर बसवतानाच त्याची चौकट तुटली. जवाहिरा राजवाड्यात हजरच होता. त्याला पोलिसांच्या संरक्षणात कार्यशाळेत नेले आणि मुकुट जोडून वेळेत परत आणला. तिला गळ्यात घालायचे मोत्यांचे दोन सर भेटवस्तूंबरोबर सेंट जेम्स राजवाड्यात राहिले होते, ते आणायला तिचे सचिव जॉन कोलव्हिल धावले. फुलांचा गुच्छही ऐन वेळी सापडत नव्हता, कारण तो कोमेजू नये म्हणून कोणीतरी थंड कपाटात ठेवला होता. तीन महिने इतके काटेकोर काम झाल्यावर शेवटच्या तासात घरातल्या लग्नासारखीच धावपळ झाली.

तो गुच्छ दुसऱ्या दिवशी ॲबीतल्या अनाम सैनिकाच्या समाधीवर ठेवण्यात आला. ही प्रथा तिच्या आईपासून सुरू झाली. आईचा एक भाऊ पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये कामी आला होता, आणि १९२३ मध्ये स्वतःच्या विवाहाच्या दिवशी तिने आपली फुले त्या समाधीवर ठेवली होती.

पेटीतली पैठणी
मी आतापर्यंत फक्त वाचत होते. माझ्या आजीचे लग्नही १९४७ च्या मे महिन्यातले, साताऱ्याजवळच्या गावातले. युद्धापासून आपल्याकडेही कापडावर नियंत्रण होते, आणि 'कंट्रोलचे कापड' हा शब्द ती शेवटपर्यंत वापरत असे. घरातल्या सर्वांसाठी मिळालेले कापड जाडेभरडे होते, पण तिला तिच्या आईची पैठणी नेसवली. शेजारच्या चार घरांनी आपापले कापड तिच्या आहेरासाठी पुढे केले होते. आजीने हे सांगताना कधी तक्रार केली नाही. "माझं लग्न गावानं नेसवलं," असे ती म्हणायची.

म्हणून कूपने पाठवणाऱ्या स्त्रियांचे मन मला समजते. त्या राजघराण्याच्या वैभवापुढे झुकल्या असे मला वाटत नाही. सहा वर्षे प्रत्येकीने जुने कपडे उलटवून शिवले, पडद्यांचे झगे केले. एकीच्या तरी अंगावर धड नवे वस्त्र पडावे, असे त्यांना वाटले असेल.

आजीची ती पैठणी आता माझ्याकडे आहे. मी ती मलमलीत गुंडाळून ठेवते आणि दर काही महिन्यांनी घडी बदलते, कारण एकाच घडीवर जर चिरते. ज्या पोशाखावर हजारो मोती आहेत तो इतकी वर्षे कसा टिकवला असेल?

हातमाग
पैठणीबाबत तुम्ही करता ते योग्यच आहे. मणी-मोत्यांच्या वस्त्राचा मुख्य शत्रू त्याचे स्वतःचे वजन असते. ते टांगून ठेवले तर जाळी खाली ओढली जाते आणि टाक्यांच्या छिद्रांतून फाटू लागते, म्हणून अशी वस्त्रे आडवी ठेवतात, घडीच्या जागी मऊ गुंडाळ्या भरतात आणि प्रदर्शनातही प्रकाश मंद ठेवतात, कारण रेशमाला उजेड सोसत नाही. थेम्सकाठ यांना तो रंग सायीसारखा दिसला त्यात मूळ हस्तिदंती छटेबरोबर वयाचाही वाटा असणार.

अष्टपुत्री
पुढे राजघराण्यात कोणी आजीचा पोशाख घातला का?

चित्रवेडी
विवाहाचा नाही, पण हार्टनेल यांनीच राणीसाठी केलेला दुसरा एक जुना पोशाख तिची नात बिॲट्रिस हिने १७ जुलै २०२० रोजी आपल्या विवाहात घातला. तो तिच्या मापाने थोडा बदलून घेतला होता. हार्टनेल यांचेच दुसरे मोठे काम म्हणजे २ जून १९५३ चा राज्याभिषेकाचा पोशाख. त्यावर राष्ट्रकुलातल्या देशांची चिन्हे भरली होती, आणि त्यांत भारताचे कमळ होते. तेव्हा भारत प्रजासत्ताक होऊन तीन वर्षे झाली होती.

टाकाधागा
सर्वांचे मनापासून आभार. मी आज तुमचे सर्व प्रतिसाद वर्गात वाचून दाखवले. गोदाकाठ यांचा प्रतिसाद वाचताना वर्ग शांत झाला होता, कारण आमच्यात एक विद्यार्थिनी लातूरची आहे. पेटीतली पैठणी यांच्या आजीचे वाक्य सर्वांनी वहीत लिहून घेतले.

वैभव की काटकसर, असा मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता असे आता वाटते. जकात भरली गेली, कूपने दिली गेली आणि परकी कूपने परत केली गेली, हे त्या पोशाखाच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. निजामाचे हिरे त्याच्या शेजारी ठेवले की बाजू बदलते. प्रश्न विचारणारी मुलगी मला म्हणाली, "बाई, त्या साडेतीनशे जणींच्या अंगावर त्या दिवशी कोणते कपडे होते?" याचे उत्तर पुन्हा माझ्याकडे नाही, पण यापुढे हे छायाचित्र दाखवताना मी सुरुवात त्या कामाच्या खोलीपासून करणार आहे.

एक तांत्रिक शंका उरली आहे. त्या घोळाच्या जाळीवर साटिनाची फुले कापून बसवली आहेत आणि त्यांच्या कडेने मोती आहेत. मुलींना नमुना करायचा आहे, पण जाळी आकसते.

हातमाग
जाळी चौकटीवर ताणा, पण ढोलासारखी घट्ट नको, बोटाने दाबल्यावर थोडी लवली पाहिजे. नक्षीचा कागद खाली कच्च्या टाक्यांनी अडकवा. साटिनाचे फूल कापण्याआधी त्याच्या मागे पातळ अस्तर लावा, म्हणजे कडा सुटणार नाहीत. फूल आधी बसवावे, मोती नंतर. दोरा रेशमी आणि जाळीच्याच रंगाचा घ्या, आणि तो मेणावरून ओढून घ्या. दर तीन-चार मोत्यांनी मागे गाठ मारा, नाहीतर एके ठिकाणी दोरा तुटला की सगळी ओळ ओघळते. एका मोत्यावरून दुसऱ्याकडे जाताना दोरा जाळीच्या मोकळ्या भागातून नेऊ नका, तो समोरून दिसतो. फुलाच्या मागूनच न्या.

टाकाधागा
उद्या चौकटी ताणायला घेतो. गव्हाच्या लोंबीपासून सुरुवात करू.